एमपी ट्रॅक: आकडे चोख, निकाल मात्र आपणच लावायचा

निवडणूक तोंडावर आली की खासदारांचे आकडे फिरू लागतात. ‘पाच वर्षांत सहाशे प्रश्न’, ‘हजेरी ९४ टक्के’, ‘राज्यात अव्वल’. फ्लेक्सवरचे आणि व्हॉट्सॅपवरचे असे बरेचसे आकडे एकाच जागेवरून उचललेले असतात: दिल्लीच्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या ‘एमपी ट्रॅक’ या सेवेतून. संस्था २००५ पासून काम करते, सेवा फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही. राज्य निवडायचं, मतदारसंघ किंवा नाव शोधायचं, की खासदाराचं पान उघडतं. त्यावर हजेरी, चर्चेतला सहभाग, विचारलेले प्रश्न आणि मांडलेली खासगी विधेयकं असे चार आकडे असतात. शेजारी देशाची आणि राज्याची सरासरी दिलेली असते. पान इंग्रजीत आहे, पण शाळेतल्या इंग्रजीवर सहज निभतं.

मत आधीच सांगून टाकतो. खासदाराने सभागृहात काय केलं हे शोधायला सुरुवात करण्यासाठी याहून सोयीचं साधन आपल्याकडे नाही. खासदार कामाचा आहे की नाही हे ठरवायला मात्र ते चार आकडे पुरत नाहीत. पानाचा खरा माल त्या चार आकड्यांच्या खाली आहे. तिथे प्रत्येक प्रश्नाची आणि प्रत्येक चर्चेची तारीखवार यादी असते. बहुतेक लोक तिथपर्यंत खाली जातच नाहीत.

हजेरी: सगळ्यात जास्त मिरवलेला, सगळ्यात कमी बोलका आकडा

हजेरी म्हणजे दिवसाला एक नोंद: पूर्वी वहीत सही, लोकसभेत २०२५ पासून आसनावरच्या यंत्रावर. ही नोंद दैनिक भत्त्याशी बांधलेली आहे आणि तो भत्ता सध्या दिवसाला २,५०० रुपये आहे. सकाळी नोंद करून दुपारच्या विमानाने कुणी मतदारसंघात परतलं, तरी त्याचा तो दिवस पूर्ण हजेरीचा. सभागृहात किती तास बसले याची नोंद या आकड्यात कुठेच नाही.

१७व्या लोकसभेच्या (२०१९ ते २०२४) एकूण २७४ बैठका झाल्या आणि खासदारांची सरासरी हजेरी ७९ टक्के होती. तेव्हा सत्तर ते नव्वदच्या दरम्यान काहीही दिसलं तर वाचून पुढे जावं. ८८ वाला ७६ वाल्यापेक्षा सरस, असा निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. आकडा साठच्या खाली असेल तर मात्र कारण शोधावं. आजारपण असेल, तुरुंगवास असेल, किंवा निलंबनही असेल. डिसेंबर २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ खासदार निलंबित झाले होते. त्यांची त्या दिवसांची हजेरी येणार कुठून? पोटनिवडणुकीतून मध्येच आलेल्या खासदाराचे प्रश्न आणि चर्चा पूर्ण मुदतीच्या सरासरीशी ताडून पाहू नयेत, हेही ओघाने आलंच. आधी पानावर मुदत कुठल्या तारखेपासून सुरू होते ते बघावं.

दुसरी अडचण मंत्र्यांची. मंत्री हजेरी नोंदवत नाहीत, प्रश्न विचारत नाहीत, खासगी विधेयक मांडत नाहीत. नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांचं पान उघडलं तर या रकान्यांत हाती काही लागत नाही. २०१९ चा मोटार वाहन (सुधारणा) कायदा मात्र त्यांच्याच खात्याचा आणि त्यांनीच सभागृहात मांडून पार पाडलेला. मंत्र्याचं काम जोखायचं तर त्याने मांडलेली विधेयकं, त्यांवरच्या चर्चेला दिलेली उत्तरं आणि कायद्याखालचे नियम वेळेत काढले की नाही, हे पाहायला हवं. त्यासाठी एमपी ट्रॅक उपयोगाचा नाही, आणि तो त्यासाठी बनवलेलाही नाही.

कधी कधी आकडा खराही असतो आणि अपुराही. सचिन तेंडुलकर २०१२ ते २०१८ राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य होते. त्यांची हजेरी टक्क्यांत दोन आकडी झाली नाही, आणि त्याबद्दलची टीका रास्तच होती. २१ डिसेंबर २०१७ रोजी ते खेळण्याच्या हक्कावर बोलायला उभे राहिले तेव्हा गदारोळात त्यांना बोलता आलं नाही. पुढे ते भाषण त्यांनी फेसबुकवर टाकलं. सभागृहाच्या नोंदीत त्याला जागा नाही.

प्रश्न: इथे वेळ घालवावा

प्रश्नांचा आकडा वाचण्याआधी तो तयार कसा होतो ते माहीत हवं. लोकसभेत एका सदस्याला एका दिवसासाठी जास्तीत जास्त पाच प्रश्नांच्या सूचना देता येतात, किमान पंधरा दिवस आधी. सगळ्या सूचनांची सोडत निघते. त्यातून दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत लागतात. तारांकित म्हणजे मंत्र्याने उभं राहून उत्तर द्यायचं, अतारांकित म्हणजे लेखी उत्तर. वीसपैकी प्रत्यक्षात चार-पाचच प्रश्न तोंडी उत्तरापर्यंत पोचतात. गोंधळात प्रश्नोत्तराचा तास वाहून गेला की तेही नाहीत, सगळी उत्तरं कागदावरच.

यातून एक गोष्ट उघड होते. ज्या कार्यालयाने अधिवेशनाच्या प्रत्येक दिवसासाठी नेमाने पाच सूचना टाकल्या, त्याचा आकडा फुगणारच. ते काम बहुतेक ठिकाणी स्वीय सहायक, संशोधक किंवा शिकाऊ मुलं करतात. पीआरएसच चालवत असलेल्या लॅम्प फेलोशिपमधले तरुण वर्षभर एकेका खासदाराला जोडलेले असतात आणि त्यांच्या कामात प्रश्न तयार करणंही येतं. त्यात गैर काही नाही. ज्याने चांगली माणसं ठेवली त्याला त्याचं श्रेय द्यावं. फक्त ‘५०० प्रश्न विचारले’ याचा अर्थ ‘५०० सूचना सोडतीत लागल्या’ असा घ्यावा. आणि २००५ चं प्रकरण विसरू नये. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल त्या डिसेंबरात ११ खासदारांचं सदस्यत्व गेलं, त्यात महाराष्ट्रातलेही दोघे होते. नुसती संख्या मोजली असती तर ते प्रश्नही त्यांच्या खात्यावर जमाच झाले असते.

मग पाहायचं कसं? एमपी ट्रॅकवरच्या यादीतून एक अधिवेशन निवडा. पावसाळी किंवा हिवाळी बरं, कारण अर्थसंकल्पी अधिवेशन लांबलचक असतं. त्यातले वीस प्रश्न घ्या: मधूनमधून उचला, आवडीचे निवडू नका. प्रश्नाचा क्रमांक, तारीख आणि मंत्रालय टिपून घ्या. नंतर संसदेच्या ‘संसद डॉट इन’ या संकेतस्थळावर लोकसभा विभागात प्रश्नांच्या शोधात जा. तिथे लोकसभा क्रमांक, अधिवेशन, सदस्य, मंत्रालय आणि प्रकार असे रकाने भरले की यादी येते आणि प्रत्येक प्रश्नापुढे उत्तराची पीडीएफ इंग्रजीत आणि हिंदीत मिळते. इथे घोटाळा होतो तो क्रमांकाचा. तारांकित आणि अतारांकित प्रश्नांचे क्रमांक वेगवेगळे चालतात, आणि प्रत्येक अधिवेशनात ते पुन्हा एकपासून सुरू होतात. प्रकार आणि अधिवेशन न निवडता नुसता क्रमांक टाकला की भलताच प्रश्न समोर येतो.

पीडीएफ उघडल्यावर सगळ्यात आधी वरची नावं पाहा. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यावर सगळ्यांची नावं घालतात. एका प्रश्नावर सात-आठ नावं असतील, तर तो आठही खासदारांच्या खात्यात एकेक म्हणून पडलेला असतो. मग प्रश्नाचे (अ), (ब), (क) भाग वाचा. ‘सरकारला याची जाणीव आहे काय; असल्यास त्याचा तपशील; नसल्यास कारणे’ हा साचा सगळ्यांचाच, त्यावरून काही ठरवू नये. पाहायचं ते साच्यात भरलेलं काय आहे ते.

समजा दोन प्रश्न आहेत. एक: ‘महाराष्ट्रात पीक विमा योजनेचे लाभार्थी किती?’ ही माहिती योजनेच्या संकेतस्थळावरही मिळू शकते आणि मंत्रालय तोच तक्ता जोडून मोकळं होतं. दुसरा: ‘बीड जिल्ह्यात गेल्या खरिपात किती दावे नाकारले, कंपनीनिहाय आणि कारणनिहाय आकडे द्या, नुकसान ७२ तासांत कळवलं नाही या कारणाने त्यातले किती?’ दुसरा प्रश्न ज्याने लिहिला त्याला योजना कुठे अडते ते ठाऊक आहे. उत्तर टाळायलाही मंत्रालयाला कष्ट पडतात. वीसांत असे चार-पाच सापडले तर तो खासदार, निदान त्याचं कार्यालय, जागं आहे असं म्हणायला हरकत नाही.

याहून वरची पायरी पाठपुराव्याची. उत्तरात ‘माहिती गोळा केली जात आहे आणि सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’ असं आलं, तर ते आश्वासन धरलं जातं. ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्यावर शासकीय आश्वासन समितीची नजर असते. त्याच खासदाराने पुढच्या अधिवेशनात तोच धागा पुन्हा पकडला का? यादीत मंत्रालयाप्रमाणे प्रश्न लावले की पाच मिनिटांत दिसतं. एकाच मंत्रालयाला एकाच विषयावर तीन अधिवेशनांत तीन प्रश्न, दर वेळी थोडे अधिक टोकदार, असं दिसलं तर समजावं की माणूस गंभीर आहे. आज रेल्वे, उद्या आयुष, परवा अणुऊर्जा, आणि परत कुठेच नाही, असं दिसलं तर प्रश्न सोडतीसाठी टाकलेले.

एक उणीव लक्षात ठेवावी. एमपी ट्रॅकवर मोजलेले असतात ते यादीत लागलेले प्रश्न. सभागृहात तारांकित प्रश्नावर ऐन वेळी विचारलेला पुरवणी प्रश्न त्या संख्येत येत नाही. मंत्र्याला खरं अडचणीत आणतो तो पुरवणी प्रश्नच. तो सापडतो कामकाजाच्या शब्दशः वृत्तांतात.

चर्चा: एक मिनिट आणि वीस मिनिटं सारखीच

चर्चेतल्या सहभागाचा आकडा पाहताना शून्य प्रहरात केलेली मिनिटभराची मागणी, नियम ३७७ खाली वाचून दाखवलेला मजकूर आणि विधेयकावरचं वीस मिनिटांचं भाषण, सगळं एकेक धरलेलं असतं. यादीत चर्चेचा प्रकार दिलेला असतो. तो पाहून आधी शून्य प्रहर आणि ३७७ बाजूला काढा. ‘माझ्या मतदारसंघातल्या अमुक स्थानकावर तमुक गाडी थांबावी’ या मागण्या तिथे असतात. प्रवाशांना त्यांचं मोल आहे, पण कायदे करण्याच्या कामात ते मोजू नयेत. उरलेल्यातून विधेयकांवरची आणि खात्यांच्या खर्चाच्या मागण्यांवरची भाषणं घ्या. पाच वर्षांचे ऐंशी सहभाग गाळून दहा-बारावर येतात, तेव्हा फ्लेक्सवरच्या आकड्याचा अंदाज येतो.

भाषणाचा मजकूर संसदेच्या संकेतस्थळावर तारखेप्रमाणे मिळतो. जुन्या लोकसभांचा वृत्तांत संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आहे, अगदी १९५२ पासूनचा. वाचताना चांदण्यांकडे लक्ष असू द्या. नावापुढे चांदणी आणि तळाला ‘भाषण पटलावर ठेवले’ अशी टीप असेल तर ते भाषण झालेलंच नाही, लिहून दिलं आहे. ‘अमुक यांना तमुक यांनी मांडलेल्या विषयाशी संबद्ध होण्याची परवानगी’ असं अध्यक्षांचं वाक्य आणि त्याखाली नावांची रांग असेल, तर त्या नावांनी फक्त हात वर केलेला आहे. खासदार मराठीत बोलले असतील तर बहुधा ‘मूळ मराठी भाषणाचा इंग्रजी अनुवाद’ अशी टीप देऊन अनुवादच छापलेला सापडतो. मूळ शब्द ऐकायचे तर संसद टीव्हीची ध्वनिचित्रफीत शोधावी लागते. इंग्रजी अनुवादात भाषणाची धार बोथट होते. मराठीतून बोलणाऱ्या खासदाराचं मोजमाप नुसत्या छापील वृत्तांतावरून केलं तर त्याच्यावर अन्याय होतो.

विधेयकावरच्या भाषणाला एक साधी कसोटी लावता येते: भाषणात विधेयकातल्या कलमांचा उल्लेख किती वेळा आला? ‘या ऐतिहासिक विधेयकाचं मी स्वागत करतो’ किंवा ‘हे काळं विधेयक आहे’ एवढ्यावर आठ मिनिटं गेली असतील तर ते सभेतलं भाषण झालं. कलम अमुकमध्ये ‘विहित केल्याप्रमाणे’ म्हणून सगळं नियमांवर ढकललं आहे, दंडाची तरतूद आहे पण अपील कुणाकडे ते नाही, असं बोलणाऱ्याने विधेयक वाचलेलं आहे.

तुलना करताना पक्षाची वेळ ध्यानात घ्यावी. चर्चेची वेळ पक्षांच्या संख्याबळानुसार वाटली जाते. मोठ्या पक्षाच्या मागच्या बाकावरच्या खासदाराची पाळी वर्षात मोजकी येते. दोन-तीन खासदारांच्या पक्षाचा नेता प्रत्येक विषयावर बोलतो, कारण बोलायला दुसरं कुणी नसतंच. म्हणून देशाच्या सरासरीशी तुलना फसवी आहे. खासदाराची तुलना त्याच्याच पक्षाच्या, त्याच्याइतक्याच मुदतीच्या दुसऱ्या खासदाराशी करावी. एमपी ट्रॅक ही सरासरी आयती देत नाही, पण पक्षाप्रमाणे यादी लावून दहा मिनिटांत काढता येते.

खासगी विधेयकं

मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं ते खासगी विधेयक. शुक्रवारी दुपारचे अडीच तास अशा कामाला राखलेले असतात. स्वातंत्र्यानंतर आजवर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० साली. तेव्हा ‘विधेयक मंजूर झालं का’ ही कसोटी लावली तर सगळेच नापास. ‘किती मांडली’ ही कसोटीही कुचकामी, कारण मांडण्याला अडथळा जवळजवळ नाही आणि एका ओळीची दुरुस्तीही एक विधेयक म्हणून मोजली जाते.

पाहायचं ते असं की विधेयकाने वाट पाडली का. राजापूरचे खासदार नाथ पै यांनी १९६७ साली, संसदेला मूलभूत हक्क कमी करता येत नाहीत या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर, मूलभूत हक्कांसह घटना दुरुस्त करण्याचा संसदेचा अधिकार स्पष्ट करणारं विधेयक मांडलं. ते संयुक्त समितीकडे गेलं, देशभर त्यावर वाद झाला, पण मंजूर झालं नाही. १९७१ च्या २४व्या घटनादुरुस्तीने तेच सरकारी वाटेने आणलं. द्रमुकचे खासदार तिरुची शिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक एप्रिल २०१५ मध्ये राज्यसभेने मंजूर केलं. लोकसभेत ते अडलं आणि २०१९ मध्ये सरकारने आपला वेगळा कायदा केला. सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये मांडलेलं, कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलला उत्तर न देण्याच्या हक्काचं विधेयक कायदा झालं नाही, पण तो विषय आपल्याकडे बोलला जाऊ लागला. अशी विधेयकं एमपी ट्रॅकच्या रकान्यात ‘१’ एवढीच जागा घेतात. म्हणून विधेयकाचा मसुदा उघडून किमान उद्देश आणि कारणांचं निवेदन वाचावं. मसुदा दीड पानाचा असून त्यात खर्चाचा, यंत्रणेचा उल्लेखच नसेल तर ते बातमीसाठी मांडलेलं.

प्रश्न, चर्चा आणि खासगी विधेयकं यांची सरळ बेरीज करून पुरस्कार देण्याची प्रथाही आहे. त्या बेरजेत एक प्रश्न बरोबर एक विधेयक. पुरस्कार मिळालेले काही खासदार खरोखर मेहनती आहेत, पण ती मेहनत या गणितावरून सिद्ध होत नाही.

पानावर जे नाही

सुधारणा. कायदा करण्याचं सगळ्यात नेमकं काम म्हणजे विधेयकातल्या शब्दाला सुधारणा सुचवणं: ‘पान ३, ओळ १४, अमुक शब्दाऐवजी तमुक शब्द घालावा’. ती सूचना आदल्या दिवशीपर्यंत द्यावी लागते, म्हणजे विधेयक त्याआधी वाचून झालेलं हवं. एमपी ट्रॅकच्या चार आकड्यांत याला जागा नाही. वृत्तांतात विधेयकाच्या चर्चेच्या शेवटी, कलमवार विचार सुरू होतो तिथे या सुधारणा सापडतात. बहुतेक आवाजी मतदानाने फेटाळल्या जातात, पण कुणी मांडल्या हे नावासह छापलेलं असतं. नमुना पाहायचा तर केरळमधल्या कोल्लमचे एन. के. प्रेमचंद्रन यांचं कोणत्याही विधेयकावरचं कलमवार काम वाचावं. मग आपल्या खासदाराचं नाव त्या पानांवर कुठे दिसतं का ते शोधावं.

समित्या. विभागांशी निगडित २४ स्थायी समित्या आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य: २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे. बैठका बंद दाराआड होतात, त्यामुळे कोण काय बोललं ते कळत नाही. पण अहवालाच्या शेवटी बैठकांची इतिवृत्तं जोडलेली असतात आणि त्यात हजर सदस्यांची नावं असतात. वर्षभराचे अहवाल उतरवून घेऊन नाव मोजता येतं. इथे एक चूक सर्रास होते. अहवालाच्या सुरुवातीला असते ती समितीच्या रचनेची यादी, तिच्यात सगळ्यांचीच नावं असतात. हजेरी पाहायची ती मागच्या इतिवृत्तात. अहवालाला भिन्नमत जोडलं असेल तर तेही वाचावं, कारण तिथे खासदार स्वतःच्या सहीने लिहितो. समित्यांचं काम पूर्वीइतकं उरलेलं नाही हेही खरं. १५व्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, १७व्या लोकसभेत १६ टक्के. खासदाराला यात दोष देता येत नाही.

मतदान. कुणी कशाच्या बाजूने मत दिलं यावरून खासदाराला जोखायची परदेशातली पद्धत आपल्याकडे चालत नाही. पक्षांतरबंदीच्या १९८५ च्या दहाव्या अनुसूचीनंतर व्हिप (पक्षाचा मतदानाचा आदेश) मोडला तर खासदारकी जाऊ शकते, त्यामुळे मत पक्षाचं असतं. शिवाय बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने होतात, त्यात नावं नसतातच. मतविभाजन झालं तरच नावं छापली जातात. वक्फ दुरुस्ती विधेयकावर एप्रिल २०२५ मध्ये लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ असं झालं, तिथे नावानिशी यादी आहे. त्या यादीत पाहण्यासारखं एकच: कोण गैरहजर होतं.

आणि पीठासीन अधिकारी, म्हणजे सभागृह चालवणारे. वि. स. पागे १९६० ते १९७८ महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. रोजगार हमीची कल्पना त्यांची. तासगाव तालुक्यात तिची चाचणी झाली, १९७७ साली कायदा मंजूर झाला, पुढे केंद्राच्या २००५ च्या कायद्याला तोच आधार ठरला. आजच्या कुठल्याही कामगिरीच्या कार्डावर त्यांच्यापुढे प्रश्न शून्य आणि खासगी विधेयकं शून्य असंच आलं असतं.

आमदारांचं काय?

इथे काम खडतर आहे. एमपी ट्रॅकइतकं नीटस पान महाराष्ट्राच्या आमदारांसाठी मिळत नाही. मुंबईच्या ३६ जागांपुरतं प्रजा फाउंडेशन या संस्थेचं आमदारांच्या कामगिरीचं कार्ड आहे. मंत्री त्यातून वगळतात. विधान भवनातून माहितीच्या अधिकारात काढलेली हजेरी आणि प्रश्न त्यात असतात, आणि संख्येबरोबर प्रश्नांचा दर्जाही जोखलेला असतो. ही त्याची जमेची बाजू. मात्र गुन्हेगारी नोंदी आणि लोकांचं मत असे सभागृहाबाहेरचे निकषही एकूण गुणांत येतात. म्हणून क्रमांक सोडून द्यावा आणि हजेरी, प्रश्न व दर्जा एवढे रकाने वेगळे वाचावेत. संपत्ती आणि खटल्यांसाठी ‘मायनेता’ हे संकेतस्थळ चांगलं आहे, पण ते उमेदवाराच्या शपथपत्राचं वाचन आहे, विधिमंडळातल्या कामाचं नव्हे.

बाकी महाराष्ट्राला विधानमंडळाच्या संकेतस्थळावरच जावं लागतं. तिथे सभागृह आणि अधिवेशन निवडून तारांकित प्रश्नांच्या दिवसवार याद्या उतरवता येतात. पीडीएफमध्ये नाव शोधताना देवनागरी शोध प्रत्येक वेळी चालेल असं धरू नये. नाही चालला तर डोळ्यांनीच पाहावं. एका प्रश्नावर दहा-पंधरा आमदारांची नावं, कंसात मतदारसंघ, ही इथली नेहमीची गोष्ट. एकमेकांच्या प्रश्नांवर सह्या करायची रीत जुनी आहे. म्हणून एकूण संख्येऐवजी पहिलं नाव किती प्रश्नांवर आहे ते मोजावं. मग उत्तरं: ‘(१) हे खरे नाही. (२) प्रश्न उद्भवत नाही.’ अशी उत्तरं ज्याच्या वाट्याला सतत येतात, त्याचे प्रश्न वर्तमानपत्राच्या कात्रणावरून उतरवलेले असण्याची शक्यता दाट. ‘अंशतः खरे आहे’ आणि पुढे आकडे, असं उत्तर काढणारा आमदार जास्त कामाचा. लक्षवेधी सूचना (नियम १०५) वाचताना मंत्र्याने शेवटी काय कबूल केलं ते टिपावं: चौकशी, निलंबन, तारीख. पुढच्या अधिवेशनात त्याच आमदाराने त्याची आठवण करून दिली का, हे पाहिलं की काम झालं.

वेळेचा अंदाज द्यायचा तर एका खासदारासाठी दोन संध्याकाळी पुरतात: एक वीस प्रश्नांसाठी, दुसरी तीन भाषणं आणि समितीच्या इतिवृत्तांसाठी. आमदारासाठी आठवडा धरावा. हजेरी हवी असेल तर माहितीचा अधिकार कायदा २००५ खाली विधानमंडळ सचिवालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. उत्तराची मुदत ३० दिवस आणि ते आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. अर्ज एकाच अधिवेशनापुरता ठेवावा आणि दिवसवार हजेरी, स्वीकृत सूचना, नाकारलेल्या सूचना असं नेमकं मागावं. पाच वर्षांचं सगळं एकदम मागितलं की कलम ७(९) चा (मागितलेल्या स्वरूपात माहिती द्यायला फार साधनं लागतात, असा) दाखला देऊन ‘कार्यालयात येऊन अभिलेख पाहावेत’ असं पत्र यायची शक्यता जास्त.